जपानी ‘का’ आपला कोण?

जपानी शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या एका वाचकाची शंका आहे : ‘तिथेही वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार होतो, अगदी मराठीसारखा. मग हा ‘का’ तिकडून इकडे आला, की इकडून तिकडे गेला?’

ना इकडून, ना तिकडून. पण शंका येणं साहजिक आहे, कारण साम्य एका जागी थांबत नाही. ‘इकिमास का?’ म्हणजे ‘जाता का?’ हे झालंच. ‘सोऽ देस का’ हे आवाज खाली आणत म्हटलं, तर तो प्रश्नच राहत नाही. आपण समोरच्याचं ऐकता ऐकता ‘असं का’ म्हणतो, तेच ते. आणि ‘क्योऽ का आशिता’ म्हणजे ‘आज का उद्या’. ‘किंवा’ या अर्थाचा ‘का’सुद्धा दोघांकडे! आपल्याकडे तो बराच जुना आहे. ज्ञानेश्वरीत एका दृष्टान्तावर दुसरा रचताना ‘कां’ येतो, तो बहुतेकदा ‘किंवा’ म्हणूनच. फरक एवढाच, की आजच्या मराठीत हा ‘का’ प्रश्नातच शोभतो, साध्या विधानात आपण ‘किंवा’ वापरतो. जपानीला अशी अट नाही.

एवढं जुळतं, तर नातं का नाही? कारण नातं एका शब्दावरून ठरत नाही, घराण्यावरून ठरतं. आपला ‘का’ एकटा नाही. कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती : सगळे ‘क’चे. संस्कृतात कः, का, किम्. आता जपानी प्रश्नार्थक शब्द पाहा. काय म्हणजे नानि, कोण म्हणजे दारे, कुठे म्हणजे दोको, केव्हा म्हणजे इत्सु. एकाच्याही सुरुवातीला ‘क’ नाही. तिथला ‘का’ हा वाक्याला मागून जोडायचा प्रत्यय आहे, प्रश्नार्थक सर्वनामांशी त्याचं गोत्र जुळत नाही.

तो शेवटीच का येतो, याला थोडं कारण आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, आणि प्रश्नाची खूण त्याला चिकटून बसणं सोयीचं पडतं. कानडीतही प्रश्न करताना क्रियापदाच्या शेवटी ‘आ’ जोडतात. हिंदी मात्र ‘क्या’ वाक्याच्या आरंभी ठेवते. या बाबतीत मराठी हिंदीपेक्षा दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या वळणावर गेली, असं माझं मत आहे. मराठीत तर जागेवर अर्थच अवलंबून आहे. ‘तू आलास का?’ याला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरतं. ‘तू का आलास?’ याला कारण द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा ऐकणाऱ्याला रागही येतो.

खरा नातेवाईक हवा असेल, तर तो लिथुआनियात आहे. लिथुआनियन भाषेत ‘कास’ म्हणजे कोण किंवा काय, आपल्या ‘कः’चा सख्खा भाऊबंद. त्याची द्वितीया ‘का’, म्हणजे संस्कृतातल्या ‘कम्’च्या जागी बसणारं रूप. ‘का तु दाराय?’ म्हणजे ‘तू काय करतोस?’ यातला ‘तु’सुद्धा आपलाच ‘तू’ आहे! मला सर्वांत गंमत वाटते ती लेखनाची. त्या ‘का’मधला अनुनासिक उच्चार केव्हाच गेला, पण अक्षराखाली त्याची शेपटी आजही काढतात. आपणही ‘कां’ असं लिहायचो. उच्चारात नसलेला तो अनुस्वार 1962च्या शुद्धलेखन नियमांनी पुसला. दोन्हीकडे आवाज गेला, त्यांनी खूण ठेवली, आपण सोडली. जवळचं उदाहरण हवं असेल तर भोजपुरीतला ‘का’, म्हणजे ‘काय’, तोही याच घराण्यातला. हिंदीतला ‘राम का’ मात्र निराळा. त्याचं मूळ ‘कृ’ धातूकडे जातं, प्रश्नाकडे नाही.

बाकीचे ‘का’ निव्वळ योगायोगाचे. खासी भाषेत ‘का’ ही स्त्रीलिंगाची खूण : ‘उ खून’ मुलगा, ‘का खून’ मुलगी. हवाईयन भाषेत ते इंग्रजी ‘द’सारखं (the) निश्चयदर्शक उपपद आहे. जिथे व्यंजनंच मोजून 8, तिथे प्रत्येक अक्षराला काही ना काही काम लागणारच. प्राचीन इजिप्तमधला ‘का’, म्हणजे माणसाची जीवनशक्ती, चित्रलिपीत दोन उंचावलेल्या हातांनी दाखवत. पण ती लिपी स्वर लिहीतच नसे. त्या शब्दात ‘क’ आणि आणखी एक व्यंजन आहे. ‘का’ हा अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला उच्चार.

आपल्या ‘क’ची मजल मात्र देवापर्यंत गेली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात ‘कस्मै देवाय’, म्हणजे ‘कोणत्या देवाला’ हवी अर्पण करावा, असा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पुढच्या भाष्यकारांनी त्याचंच उत्तर करून टाकलं : ‘क’ हे प्रजापतीचं नाव, म्हणजे ‘क’ नावाच्या देवाला!

जाता जाता, जपानी शिकणाऱ्यांसाठी : तिथे डासालाही ‘का’च म्हणतात. तेव्हा कानाशी गुणगुण ऐकून कुणी ‘का का?’ म्हणालं, तर ‘का’ म्हणून विचारू नका, हात झाडा.