शेजारचा कारखाना विकत घेतला तर स्पर्धा कायदा आड येतो का?

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे ४८ माग आहेत, वर्षाची उलाढाल साधारण ९ कोटी. मागच्या गल्लीतले ३६ मागांचे कारखानदार आता थकलेत, मुलगा पुण्यात नोकरीला. सगळा धंदा ते मला द्यायला तयार आहेत. भाचा म्हणतो, ही मक्तेदारी झाली, नोटीस येईल. त्यांनी पुन्हा कधीच, कुठेच टॉवेलच्या धंद्यात पडू नये असंही लिहून घ्यायचंय. व्यवहार पुरा होईपर्यंत दोघांनी डझनाचा दर एकच ठेवायचा, असं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलंय.

उत्तर: प्रतिस्पर्ध्याचा धंदा विकत घेणं बेकायदा नाही. स्पर्धा आयोगाची आधी मंजुरी लागते ती बड्या व्यवहारांना. साधारणपणे दोघांची मिळून भारतातली मालमत्ता २,५०० कोटींच्या किंवा उलाढाल ७,५०० कोटींच्या वर गेली, तर. तुमचा व्यवहार त्याच्या आसपासही नाही. मक्तेदारीचा १९६९ चा कायदा केव्हाच रद्द झाला. आताचा २००२ चा कायदा मोठं होऊ नका म्हणत नाही, मोठेपणाचा गैरवापर करू नका म्हणतो. आणि ८४ मागांची कसली मक्तेदारी? भाच्याला सोलापूरच्या पूर्व भागातले माग मोजायला पाठवा, दिवस मावळेल.

पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी मात्र मी थबकलो. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवणं कलम ३ मध्ये बसतं, आणि तिथे उलाढालीची किमान मर्यादाच नाही. दर ठरवले म्हणजे स्पर्धेला बाध आला, असं कायदा गृहीत धरतो. तसं झालं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. दंड संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. धंदा रीतसर तुमच्या नावावर झाला की दोन्हीकडचा दर तुम्हीच लावा. पण नुसता विसार दिल्याने दोन धंद्यांचा एक होत नाही.

तो मेसेज पुसू नका, पुसलात तर संशय वाढेल. तिथेच खाली लिहा: ‘दराचं बोलणं रद्द. ज्याने त्याने आपापला दर लावावा.’ आणि तसंच वागा. त्यांच्या गिऱ्हाइकांचे चालू दर तपासायचे असतील तर तुमच्या सीएला पाहू द्या, तुम्ही पाहू नका.

आता ‘कधीच, कुठेच’. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदाबंदीचा करार एरवी रद्दबातल. सूट आहे ती धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल विकणाऱ्यापुरती, आणि तीही ठरावीक हद्दीत, वाजवी असेल तर. नुसते माग घेतलेत तर ही सूट मिळणार नाही. म्हणून खरेदीखतात गुडविलची किंमत वेगळी दाखवा आणि हद्द सोलापूर जिल्हा लिहा. मुलाचाही धंद्यात हिस्सा असेल तर विकणारा म्हणून त्याचीही सही घ्या. तो पक्षकार नसेल तर उद्या नोकरी सोडून शेजारीच माग टाकेल आणि तुम्हाला बघत बसावं लागेल.

प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असेल, तेव्हा हस्तांतराला त्यांची परवानगी लागेल. धंदा घेतल्यावर विकणाऱ्याच्या जुन्या जीएसटी थकबाकीलाही घेणारा जबाबदार धरला जातो. त्यांची विवरणपत्रं सीएकडून तपासून घ्या, विसार पावती त्यानंतर.