एका बाजूत मावलेली रेकॉर्ड

मागच्या अंकात जाता जाता मी निक ड्रेक या इंग्रज गायकाचा आणि त्याच्या 'पिंक मून' या अल्बमचा दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी माझ्या पानभर लेखांवर कधी आली नाहीत. त्यातली तीन इथं घेतो.

प्रश्न : मी लातूरला खोली करून राहते, नीटची तयारी करते. रूममेटच्या मोबाइलवर 'पिंक मून' ऐकलं आणि तेव्हापासून रोज रात्री अभ्यास आटोपला की तेच लावते. सगळे शब्द कळत नाहीत, तरी ऐकते. मैत्रिणी म्हणतात, हा माणूस गोळ्या खाऊन गेला, शेवटच्या अल्बममध्ये त्यानं तेच गायलंय, रात्रीचं ऐकत जाऊ नको. खरं आहे का? आणि एवढं चांगलं होतं तर तेव्हा चाललं का नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुला 'तू' म्हणतो, माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे.

आधी माझी आणि या रेकॉर्डची गाठ कशी पडली ते सांगतो. परभणीत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक पेन्सिलीनं लिहिलेली गाण्यांची यादी आणायचं आणि मी दोन डेक जोडून भरून द्यायचो. धंदा आटत आला होता त्या दिवसांत माझा भाचा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीला येताना त्यानं एक सीडी आणली. म्हणाला, "मामा, कॅसेटवर घेऊन द्या, एसटीत वॉकमनवर ऐकायचीय." मला खोड अशी, की आधी मिनिटं मोजायची. ११ गाणी, २८ मिनिटं. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. म्हणजे अख्खा अल्बम एका बाजूत बसून वर दीडेक मिनिट शिल्लक! एरवी हमखास एखादं गाणं उरायचं, नाहीतर अर्ध्यात तुटायचं आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं.

भरताना कान ठेवावाच लागतो. गिटार आणि गळा. पहिल्या गाण्यात मध्येच पियानोचे चार सूर येतात. पुढं शेवटपर्यंत दुसरं वाद्य नाही. आई दाराशी गहू निवडत बसली होती. म्हणाली, "कोण रडायलंय रे?" थोडा वेळ गेला. मग स्वतःच म्हणाली, "रडत न्हाई. सोताशीच बोलायलाय." पुढं मी या अल्बमवर मिळेल ते वाचत गेलो, पण आईच्या पुढं कुणी गेलेलं दिसलं नाही. तिला तर इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, तेव्हा शब्दांची चिंता तू करू नकोस.

कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. तिच्यावर मी आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून दिल्या. आता वॉकमनचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, जरा वरखाली सरकलं की या बाजूला त्या बाजूचा आवाज येतो, बारीक आणि उलटा. भाच्याच्या वॉकमनचं नेमकं तेच झालं. ड्रेकचं एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत आजीची ओवी उलटी चालायची. मी म्हटलं, आण, स्क्रू फिरवून देतो. तो म्हणाला, राहू द्या मामा.

आता तुझ्या मैत्रिणींचं. त्यांना तारखा दाखव. हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला ऑक्टोबर १९७१ मध्ये, लंडनला, दोन रात्रींत. साउंड टेक्निक्स नावाचा स्टुडिओ, जुन्या दुधाच्या डेअरीच्या इमारतीत थाटलेला. आत निक एकटा आणि काचेच्या पलीकडं जॉन वुड हा ध्वनिमुद्रक. रेकॉर्ड बाजारात आली फेब्रुवारी १९७२ मध्ये. निक गेला २५ नोव्हेंबर १९७४ ला, वयाच्या २६ व्या वर्षी. मध्ये तीन वर्षं आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी तो पुन्हा त्याच स्टुडिओत जाऊन आणखी काही गाणी गाऊन आला होता. मग 'पिंक मून' ही शेवटची चिठ्ठी कशी? तो आजारी होता, नैराश्यावर औषधं घेत होता आणि तीच जास्त पोटात गेल्यानं गेला, इतकं खरं. पण शेवट माहीत करून घेऊन मागं ऐकत गेलं की प्रत्येक ओळीत मरणच दिसणार. अल्बममधलं शेवटचं गाणं पहाटेचं आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्यातलीच एक ओळ त्याच्या समाधीच्या दगडावर मागच्या बाजूला कोरलेली आहे.

तेव्हा रात्री खुशाल ऐक. गाणं बंद केल्यावरही डोळ्याला डोळा लागत नसेल, जीव घाबरा होत असेल, तर मात्र घरी फोन लाव किंवा १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मैत्रिणींनाही सांग, एकमेकींना रेकॉर्डचं भ्या घालण्यापेक्षा हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

चाललं का नाही, हे विचारलंस. त्याचे तीनच अल्बम निघाले, १९६९, १९७१ आणि १९७२ साली. त्याच्या हयातीत एकाचाही खप पाच हजारांच्या पुढं गेला नाही असं सांगतात. दुसऱ्यात ड्रम होते, पितळी वाद्यं होती, व्हायोलिनचा ताफा होता, तोही पडला. मग तिसऱ्यात त्यानं सगळ्यांनाच घरी पाठवलं. माणूस लाजरा. मुलाखत दिली तीही उभ्या आयुष्यात एकच. गातानाची त्याची एक फिल्म कुठं सापडत नाही. कार्यक्रम मोजके केले, आणि त्यातही दोन गाण्यांच्या मध्ये तो गिटारच्या खुंट्या पिळत बसायचा. लोक आपापसात बोलायला लागायचे. आपल्याकडं तमाशात असला खोळंबा झाला असता तर पहिल्या पाच मिनिटांत बोजवारा उडाला असता!

मग १९९९ साली अमेरिकेत फोक्सवॅगनच्या उघड्या गाडीची जाहिरात आली. चार पोरं चांदण्या रात्री गाडीतून पार्टीला निघतात, दारापर्यंत पोहोचतात, आतला गोंगाट बघतात आणि आत न जाता परत फिरतात. मागं 'पिंक मून' हे पहिलंच गाणं. खप एकदम कित्येक पटींनी वाढला. म्हणून जो तो म्हणतो, जाहिरातीनं त्याला वर काढला. मला हे पटत नाही. जाहिरातवाल्यांच्या हाती ती रेकॉर्ड लागली, कारण ती दुकानात होती. आणि दुकानात होती, कारण त्याचा निर्माता जो बॉइड यानं आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकताना अट घातली होती, की निकच्या रेकॉर्डी यादीतून कधी काढायच्या नाहीत. खपो न खपो. १९७९ मध्ये तिन्ही अल्बम एका पेटीत घालून पुन्हा काढले, तेव्हाही कुणी रांगा लावल्या नव्हत्या. दरम्यान इकडून तिकडून वेडे चाहते त्याच्या गावी, टॅनवर्थ-इन-आर्डेनला, थेट घरी जाऊन धडकायचे. म्हातारे आईबाप त्यांना निकची खोली दाखवायचे आणि घरी टेपवर घेतलेली त्याची जुनी गाणी कॅसेटवर भरून द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हणजे आमच्याच धंद्यातली माणसं!

त्याची आई मॉली हीसुद्धा गाणी करायची, घरच्या घरी, पियानोवर. नवऱ्यानं ती टेपवर धरून ठेवली होती. आता तीही बाहेर आली आहेत. मिळाली तर ऐक, पोराचा गळा कुठून आला ते कळेल.

प्रश्न : मी अंबाजोगाईला शिक्षक आहे, हौसेनं गिटार वाजवतो. 'पिंक मून'चं पहिलं गाणं बसवायला घेतलं. कॉर्ड बरोबर धरूनही तो आवाज येत नाही. माझी गिटार हलकी आहे म्हणून असेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सर, गिटारचा दोष नाही. तारा वेगळ्या लावलेल्या आहेत. जाड तारेकडून बारीक तारेकडं या : सा प सा म सा ग, पांढरी एकचा सा धरून. नेहमीच्या मिळवणीवरून सांगायचं तर सहावी तार चार स्वर खाली (काळी-पांढरी मिळून मोजा), पाचवी, चौथी आणि तिसरी दोन-दोन खाली, दुसरी एक वर. पहिली तशीच ठेवा. मग दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, म्हणजे सगळं पांढरी दोनला येईल. जाड तार ढिली पडून थोडी भुणभुणेल. भुणभुणू द्या, तीच त्याची गंमत आहे. दुसरी तार तेवढी हळू ताणा.

हे त्यानं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. चाहत्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड मागंपुढं करत, कानानं एकेक गाण्याच्या तारा शोधून काढल्या. मला यात फार परकं काही वाटत नाही. आमच्या गल्लीत गोंधळी यायचे तेव्हा मी तुणतुणेवाल्याकडंच बघत बसायचो. एकच तार, पण गाणाऱ्या गोंधळ्याचा गळा रात्री दोन वाजता उतरला की हा गाणं न थांबवता खुंटीला अर्धा पीळ द्यायचा. गळ्यानं वाद्याकडं जायचं नाही, वाद्यानं गळ्याकडं यायचं. निकनं सहा तारांचं तेच केलं. फक्त त्याच्या मागं संबळ नव्हतं, म्हणून खुंट्या पिळताना लोकांना शांतता ऐकू आली.

प्रश्न : मराठवाड्यात शाहीर, गोंधळी, भारूडकार कमी पडले का, म्हणून तुम्ही इंग्रजाला जागा देता? आणि हे असलं कसलं लोकसंगीत, यात लोक कुठं आहेत? तुमच्याच दुकानात आमच्याकडच्या भारूडकाराची रात्रभरची कॅसेट होती. लोक अजून तिची आठवण काढतात. ती कुठं आहे, ते लिहा.
– एक जुने गिऱ्हाईक, जिंतूर तालुका

उत्तर : भाऊ, लोक कुठं आहेत हे बरोबर विचारलंत. तिकडं लाकडी गिटार घेऊन एकट्यानं म्हटलेल्या गाण्यालाही फोक म्हणतात. आपल्या अर्थानं ते लोकगीत नव्हे. ओवी कुणा एकीची नसते, हे गाणं एकट्याचं आहे.

आता कॅसेटचं. मला वाटलंच होतं, हे कधीतरी कुणी विचारणार.

ती कॅसेट मी पुसली.

उरूस आणि लग्नसराई त्या साली लागोपाठ आली होती. परभणीच्या उरुसात कॅसेटींची पालं लागायची आणि आठवडाभर आम्हाला जेवायला सवड नसायची. कोऱ्या कॅसेटी संपल्या, हैदराबादचा माल आला नव्हता, आणि एक गिऱ्हाईक नवरदेवाच्या वरातीची गाणी आत्ताच्या आत्ता भरून द्या म्हणून दारात उभं. मी फळीवर हात घातला. नव्वदची कॅसेट, वरचं लेबल पडलेलं. लावून बघितली असती तर पहिल्याच ओळीला कळलं असतं. नाही लावली. बुवांचा तो आवाज, मध्येच एकतारी थांबवून समोरच्या म्हातारीला प्रश्न विचारायची ती लकब, पहाटे कोंबडा आरवला तो, त्यावर त्यांनी ऐनवेळी केलेली ओळ, सगळं वरातीखाली गेलं. चार दिवसांनी तुमच्याकडचेच दोघं प्रत मागायला आले तेव्हा मला समजलं. मी त्यांना म्हटलं, सापडत नाही. बुवांचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांच्या मनाला अजून लागतं.

बुवा त्यानंतर दोनेक वर्षांत गेले. दुसऱ्या कुणी त्यांना टेपवर घेतलं नव्हतं. बाजारच्या दिवशी अजून एखादा मला धरतो आणि त्या रात्रीचं भारूड अर्धंमुर्धं म्हणून दाखवतो. प्रत्येकाला वेगळा अर्धा आठवतो. खरं सांगतो, त्या इंग्रजावर मी लिहितो ते या कॅसेटीपायीच. त्याचीही रेकॉर्ड कुणाला नको होती. पण ती फळीवर राहिली, माझ्या फळीवरची नाही राहिली.

सगळं असंच गेलं असं मात्र म्हणू नका. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. तुमच्या-माझ्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. मोबाइलवर फुकट ऐकायला मिळतात, लिहिलेल्या शब्दांसकट.

आणि एक. पुसायच्या आधी बुवांच्या त्या कॅसेटच्या दोन प्रती मी विकल्या होत्या. एक सेलूकडं गेली, एक कुठं गेली आठवत नाही. कुणाच्या माळ्यावर, बियाण्याच्या डब्यात, जुन्या टेपरेकॉर्डरच्या आत नव्वदची कॅसेट निघाली आणि तिच्यावर माझ्या हातचं लाल शाईतलं अक्षर असलं, तर लगेच वाजवायला घेऊ नका. फीतीमागचा फोमचा तुकडा एव्हाना गळून पडलेला असतो, जुना टेपरेकॉर्डर ती फीत खाऊन टाकेल. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन चौकोनी पापुद्रे असतात. आधी ते स्क्रूड्रायव्हरनं मोडा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता यायचं नाही. मग या मासिकाच्या पत्त्यावर मला चार ओळी टाका. पाठवू नका, मी येऊन घेऊन जाईन.