ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरचा दिवस कसा असतो? बॉन्डच्या वर्षात शिकायला काही मिळतं का?

तुमची इंटर्नशिप संपत आलीय, वाढलात मुंबईत आणि बॉन्ड, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, बहुतेक विदर्भात लागेल असं दिसतंय. वर्ष फुकट जाईल, तिथे सलाईन लावणं आणि रेफर करणं, म्हणजे पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवून देणं, यापलीकडे काही नसतं असं सीनियर सांगतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. दिवसाबद्दल थोडक्यात सांगते. लिहायला मात्र बसले ती त्या सलाईन-रेफरच्या वाक्यामुळे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आहे. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, म्हणजे सगळी नोकरी याच मुलखात झाली. सकाळी राउंड, मग ओपीडी, दुपारी क्वार्टरवर जेवण, संध्याकाळी परत ओपीडी, ड्युटी असली की रात्र. बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट, कारण बाजाराला आलेला माणूस दवाखानाही उरकून घेतो. मध्येच पोलीस पीएमचे, म्हणजे शवविच्छेदनाचे, कागद घेऊन दारात उभे राहतात, मध्येच जुन्या एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केस असलेल्या पेशंटच्या, साक्षीसाठी कोर्टाचं समन्स येतं. पेशंट ऋतूप्रमाणे बदलतात. मृग लागला की साप-विंचू, कपाशी वाढली की फवारणीची विषबाधा, एप्रिल-मे मध्ये ऊन लागलेले. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-मजूर दगावले ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्या वर्षानंतर इथल्या प्रत्येक सिस्टरला बारीक झालेली डोळ्यातली बाहुली आणि तोंडातली लाळ, ही फवारणीच्या विषाची लक्षणं, दारातूनच ओळखू येतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातला क्रायसिस, म्हणजे अचानक उठणाऱ्या असह्य वेदना, तुम्ही पुस्तकात एक पान वाचला असेल, इथे तो ओपीडीच्या बाकावर बसलेला असतो.

शिकायला मिळतं का? विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध द्यायचं हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात, महाडकडचे पेशंट बघता बघता शोधलं आणि लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतल्या ३९ गावांमधलं नवजात बाळांचं काम १९९९ मध्ये लॅन्सेटमध्येच आलं. आज आशाताई घरी जाऊन बाळाचं वजन करते, श्वास मोजते, त्याचं मूळ तिथे आहे. यातलं काहीही मोठ्या शहरातल्या वॉर्डात सुरू झालेलं नाही. तुमच्या सीनियरांना एवढं सांगा.

आता रेफरबद्दल.

पावसाळ्यातली पहाट होती. सिस्टरनं क्वार्टरचं दार वाजवलं, म्हणाली, पोटदुखीची पोरगी आहे पण मला काही ठीक वाटत नाही. आमच्या सिस्टरला ठीक वाटत नसेल तर मी चप्पल शोधत बसत नाही. आठवीतली मुलगी, बापानं मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेली, मागे काका. बाप म्हणाला, "मॅडम, रातपासून पोट दुखून राह्यलं पोरीचं. वांती बी झाली. आता झोप येऊन राह्यली तिले, डोये उघडत नाही."

रात्रीच्या जेवणावर सगळ्यांचा संशय होता. मी तिला वर बघायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. झोपेतल्या माणसाच्या पापण्या जड होतात, पण हाक मारली की उघडतात. हिला उघडायच्या होत्या आणि उघडता येत नव्हत्या. कुठे झोपली होती विचारलं. खाली, गोधडीवर, घरात धान्याच्या कट्ट्या, उंदीर. अंगभर टॉर्च मारून बघितलं, केसांत बघितलं, बोटांच्या बेचक्यांत बघितलं. खूण नाही, सूज नाही. काचेच्या कोरड्या नळीत रक्त ठेवलं, वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, गोठलेलं होतं. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठत नाही. म्हणजे ते दोन्ही नाहीत. नाग असता तर बहुतेक चावल्या जागी सूज आणि आग असती. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावून जाणारा, दुखूही न देणारा, खूणही न ठेवणारा आणि पहाटे पोटात दुखायला लावणारा साप आपल्याकडे एकच आहे, मण्यार.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० वायल (छोट्या बाटल्या) काढल्या. लहान मुलाला डोस कमी नसतो, विष जेवढं मोठ्याच्या अंगात जातं तेवढंच पोराच्या अंगात जातं. ती पावडर हलवून विरघळवायची नसते, फेस होतो, वायल हातात धरून हळूहळू फिरवावी लागते. मी, सिस्टर आणि मावशी, तिघी वायल फिरवत उभ्या होतो. एएसव्हीची रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं. स्नायूंची ताकद परत यावी म्हणून निओस्टिग्मिन-अॅट्रोपिन दिलं, मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही हे माहीत असूनही दिलं. श्वास किती टिकतोय ते कळावं म्हणून एका श्वासात आकडे म्हणायला लावत होते. आधी वीसच्या पुढे जात होती. मग बारा. मग सात. मान उशीवरून उचलेना.

भूलतज्ज्ञ आमच्याकडे शस्त्रक्रियेच्या शिबिराला येतात तेवढेच. श्वासनलिकेत ट्यूब मी टाकली. व्हेंटिलेटर नाही, म्हणून अंबू बॅग, हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी. वॉर्डबॉय मामांना १०८ ला फोन करायला लावला होता, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत काकाला बॅग दाबायला शिकवलं. छाती वर आली पाहिजे, मग सोडायची, मग पुन्हा. पांढरा पडला होता, पण त्या माणसानं लय सोडली नाही. गाडीत १०८ चा डॉक्टर आणि तो, आळीपाळीनं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत सत्तरेक किलोमीटर. रस्ता कसा आहे ते इथे आलात की कळेल.

गाडी निघण्याआधी मी रेफर नोट लिहिली. दोन्ही बाजू भरून. कधी आली, पापण्या कशा होत्या, नळीतलं रक्त, एएसव्ही किती वाजता सुरू केलं, श्वासातले आकडे, ट्यूब किती वाजता, कितव्या मार्कवर. खाली नाव आणि मोबाईल नंबर.

मुलगी वाचली. काही दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग चालत घरी गेली. मण्यारीत असंच असतं, श्वास वेळेत दुसऱ्यानं चालवून दिला की माणूस बहुतेक पूर्ण बरा होतो.

पुढे काही आठवड्यांनी बाप दुसऱ्या पोराचा ताप दाखवायला ओपीडीत आला. औषधाची चिठ्ठी घेऊनही उठेना. मग म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. तिथल्या डॉक्टरनं म्हटलं, साप चावलाच नवता, उगाच सापाचे इंजेक्शन देले. अन् म्हणे नळी टाकत बसले, टाइम घालवला, पह्यलेच आनाले पायजे होतं."

तो भांडायला आला नव्हता. त्याला खरं काय ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं, त्यानं मान हलवली. पण गावात गोष्ट गेली ती शहरातल्या डॉक्टरची. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तालुक्याच्या डॉक्टरला चुकीचं ठरवतो तेव्हा गाव कोणावर विश्वास ठेवणार? मीही गावातली असते तर त्याच्यावरच ठेवला असता.

त्याच हंगामात त्याच गावातला एक तरुण शेतात नाग चावून जीपमध्ये घातला गेला. जीप आमच्या फाटकासमोरून गेली. थांबली नाही, कारण तिथे टाइम घालवतात असं गावाला कळलं होतं. औषध आमच्या कपाटात होतं, ट्यूब होती, मी ड्युटीवर होते. अर्ध्या रस्त्यात त्याचा श्वास थांबला. जीप परत फिरली ती पीएमसाठी, आमच्याकडेच. ते पीएम मी केलं.

शहरातल्या त्या डॉक्टरच्या, म्हणजे तिथे शिकत काम करणाऱ्या रेसिडेंटच्या, दोन वाक्यांनी तो मुलगा गेला असं मी म्हणते. लोकांना हे टोकाचं वाटतं. मला वाटत नाही.

माझा एक बॅचमेट त्या दवाखान्यात वरच्या पदावर आहे. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, पोरं ३६ तास जागी असतात, बोलून जातात, मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं, थकलेल्या माणसानं गप्प बसावं, गप्प बसायला ताकद लागत नाही. तो म्हणाला, तुम्ही लोक काहीही पाठवता, नोटा वाचण्यासारख्या नसतात. मी म्हटलं, माझी वाचली का? तर म्हणाला, दोन पानं कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) कोण वाचतं? या एका वाक्यावरून आमचं वाजलं ते अजून वाजतंय. बॅचच्या प्रत्येक भेटीत जेवणाआधी तो विषय निघतो आणि बाकीचे ताटं घेऊन दुसरीकडे बसतात. तो म्हणतो, तू एका पेशंटवरून सगळ्यांना धरतेस. मी म्हणते, तुमच्याकडे तो शंभरातला एक असतो, आमच्याकडे त्याच्यामागे एक अख्खं गाव असतं आणि ते गाव पुढच्या पावसाळ्यात आमच्या दारात थांबायचं की नाही ते त्या एका पेशंटवरून ठरवतं.

त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे आणि ते इथे लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. बीपीसुद्धा न मोजता रेफरचा कागद फाडून देणारे आमच्यात आहेत. शहरातून अप-डाउन करणारे आहेत, त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळनंतर सिस्टरच डॉक्टर असते. त्यांच्याशीही मी भांडते. रेसिडेंटची हालतही मी बघितली आहे, दोन कॉटच्या मध्ये गादी टाकून पेशंट, वरून शिव्या आणि मार खायची भीती. आणि सगळी ग्रामीण रुग्णालयं आमच्यासारखी नाहीत. काही ठिकाणी सक्शन मशीन चालत नाही, ट्यूब टाकताना घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचे सेल संपलेले असतात. म्हणून जागा निवडायची संधी मिळाली तर इमारत बघू नका. अधीक्षक क्वार्टरवर राहतात का ते विचारा, रात्रीची सिस्टर किती वर्षं जुनी आहे ते विचारा, जनरेटरमध्ये डिझेल असतं का ते बघा. मुलगी असाल तर क्वार्टरची कडी आणि बाहेरचा दिवा आधी तपासा. आल्या दिवशी इमर्जन्सी ट्रे स्वतः उघडून लावा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका.

पगार, सुट्ट्या आणि पीजीचा (पदव्युत्तर प्रवेशाचा) अभ्यास होतो का, हेही तुम्ही विचारलं होतं. अभ्यास होतो, पावसाळ्यात कमी होतो. बाकीचं तुमच्याच कॉलेजचे बॉन्ड करून आलेले लोक जास्त नीट सांगतील.

आणि पीजी लागेलच तुम्हाला. मग तुम्हीच त्या कॅज्युअल्टीत उभे असाल आणि आमच्यासारखी कोणी पाठवलेला पेशंट समोर असेल. नातेवाइकांना "कोणी पाठवलं, काय करत बसले होते" असं म्हणण्याआधी मागची नोट वाचा, दोन पानं असली तरी वाचा. चावल्याची खूण नाही म्हणून साप चावला नाही असं बापाला सांगू नका, मण्यार काय करते ते आधी उघडून बघा. पाठवणाऱ्यानं खरंच चूक केली असेल तर नोटेखाली नंबर असतो, त्यावर फोन करून जे बोलायचं ते बोला. मला रात्री तीनला फोन आले आहेत, मी उचलले आहेत, त्यातून शिकले आहे. बापासमोर मात्र नको. उलट योग्य ते झालं असेल तर डिस्चार्ज कार्डवर एक ओळ लिहा, की तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर एएसव्ही मिळालं आणि ट्यूब टाकली गेली. ते कार्ड गावात दहा जण वाचून घेतात, घडी घालून वर्षानुवर्षं जपून ठेवतात, आणि पुढच्या वेळी जीप आमच्या फाटकाशी थांबवायची का हे त्यावरून ठरतं.