वर्गाचा ब्लॉग सुरू करताय? मग हे बघा
ताई, एकदम पाच-सहा ॲप वर्गात आणू नका, आधी ब्लॉगरवर (गूगलची ब्लॉग काढायची फुकट साइट) वर्गाचा एक साधा ब्लॉग काढा. त्यावर मुलांचंच लिखाण येऊ दे, म्हणजे सहावीतल्या पोरीने आजीला विचारून लिहिलेली ज्वारीच्या मळणीची माहिती वगैरे, वहीच्या पानाचा फोटो टाकला तरी चालतो, टायपिंगची घाई नको. आणि लगेच शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका हो, मुलं लिहायचीच थांबतात! कमेंट तपासूनच पब्लिश करायचं सेटिंग ठेवा, मुलांचं पूर्ण नाव न् फोटो टाकूच नका. गूगल फॉर्मची क्विझ केली, बरोबर उत्तरं आधी भरून ठेवली की पर्यायी प्रश्नांचे मार्क आपोआप मिळतात, पण ज्यांच्या घरी नेट नाही त्यांना तीच चाचणी कागदावर द्या, यात तडजोड नको. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचे व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून न्या.