सोनेरी भिंत करायचीय? आधी पुट्टी बघा

हॉलमध्ये टीव्हीच्या मागची भिंत मे महिन्यात, घरच्या लग्नाआधी, कॉपर मेटॅलिक करून घेतली. दिवसा छान दिसते पण रात्री सीलिंगमधले लाइट लावले की भिंतीवर लाटा दिसतात आणि रोलरचे उभे पट्टे पण. पेंटर म्हणतो मटेरियल खराब, दुकानदार म्हणतो हात खराब. वरून अजून एक हात मारला तर जाईल का? – एक वाचक, नागपूर

नाही जाणार, उलट अजून उठून दिसेल. साधा मॅट रंग उजेड सगळीकडे पसरवून टाकतो म्हणून भिंतीचे दोष झाकले जातात, पण मेटॅलिक रंगात अभ्रकाचे बारीक कण असतात आणि ते आरशासारखे एकाच बाजूला उजेड फेकतात, त्यात तुमचे लाइट भिंतीला अगदी चिकटून वरून खाली पडणारे, म्हणजे जरासा खड्डा असला तरी त्याची सावली पडणारच.

तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी आहेत. लाटा पुट्टीच्या आहेत. पट्टे मात्र रंग मारताना आलेत, आणि मे महिन्यातलं नागपूर म्हटल्यावर मला आश्चर्य नाही वाटलं. एक पट्टा मारून शेजारचा मारेपर्यंत पहिल्याची कड वाळून जाते, मग जोडावर दोनदा रंग बसतो. त्यात कुणी कूलर नाहीतर पंखा चालू ठेवला असेल तर विचारूच नका. म्हणजे मटेरियलचा दोष असेलच असं नाही हो, दुकानदाराची बाजू घेतोय असं समजू नका.

आता करायचं काय, तर रात्री सगळे दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा आणि जिथे जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा. मग 150 नाहीतर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने अख्खी भिंत घासून चमक मारायची. त्यावर ॲक्रिलिक पुट्टी लावायची, व्हाइट सिमेंटची नाही, कारण सिमेंटवाली पुट्टी उघड्या प्लास्टरवर धरते, जुन्या रंगावर नीट धरत नाही आणि सहा महिन्यांनी पत्र्यासारखी सुटते. पुट्टी दोन पातळ हातात लावा, एकदाच जाड थापू नका. वाळली की 180 आणि शेवटी 320 ने घासून परत टॉर्च. बरेच पेंटर ही दुसरी टॉर्चची पायरी टाळतात कारण मग अजून काम निघतं!! तुम्ही स्वतः उभे राहा. धूळ ओलसर फडक्याने पुसून प्रायमर, मग मेटॅलिकच्या जवळच्या शेडचा बेस कोट दोन हात (कॉपरखाली विटकरी छान जातो, खालचा पांढरा असला तर दोन हातातही फिकट ठिपके दिसत राहतात).

शेवटचं मेटॅलिक सकाळी लवकर मारा, पंखा कूलर बंद. डबे दोन असतील तर एकाच बादलीत ओतून एक करा आणि मधेमधे ढवळत राहा, कण तळाला बसतात. माणसं दोन हवीत, एकाने रोलर मारायचा आणि दुसऱ्याने लगेच मागून ओल्या रंगावर हलक्या हाताने वरून खाली एकाच दिशेने कोरडा रोलर ओढायचा, सगळे कण एका बाजूला झोपतात मग. मधे चहाला थांबायचं नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात.

बेडरूमच्या भिंतीला सोनेरी स्टेन्सिल करायचंय, पण पलीकडे बाथरूम आहे आणि खाली एक फूटभर पोपडे येतात. खरवडून वर डॅम्पप्रूफ मारलं तर चालेल ना? – एक वाचक, चिपळूण

आधी बाथरूममधलं पाणी शोधा. टाइल्सचे सांधे, नळाची फिटिंग, जाळीच्या भोवतीची जागा. आतली ओल तशीच ठेवून वरून काहीही मारलं तरी ती रंगाला मागून ढकलते, आणि मेटॅलिकवर फुगा आला की तो खोलीच्या दारातूनच दिसतो. गळती बंद केल्यावर पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडा, पांढरा भुसा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. मग फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. तुमच्याकडच्या पावसात ही भिंत वाळणार नाही, दिवाळीनंतर बघा. नवीन प्लास्टर केलंत तर त्यालाही निदान 28 दिवस द्या.

गेटच्या भाल्यांना सोनेरी पावडर मिडियममध्ये कालवून लावली होती, वर्षात काळपट हिरवी झाली. – एक वाचक, अलिबाग

होणारच. ती पावडर म्हणजे पितळेची पूड, तांबं आणि जस्त, आणि तुमच्याकडे खारी हवा. देव्हाऱ्याला, फ्रेमला ठीक आहे, बाहेर नाही. बाहेरच्यासाठी अभ्रकवाला सोनेरी एनॅमल मागा, तो काळा पडत नाही. लावण्याआधी गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा, दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर रात्रीत परत गंज धरतो. पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर मात्र रेड ऑक्साइड सालपटासारखा निघतो, तिथे जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर लागतो.

गणपतीच्या मखराला सोनेरी स्प्रे मारायचाय, घरात जुना थर्माकोल पडलाय. – एक वाचक, पुणे

सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आहे हे तुम्हाला माहीत असेलच, आणि तसंही स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल तुमच्या डोळ्यांदेखत विरघळतो. पुठ्ठा घ्या. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या प्रायमरचा हात द्या, एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा वाकतो. स्प्रे एका फुटावरून, तीन चार हलके हात, गॅलरीत, तोंडाला मास्क लावून. पूर्ण वाळून वास जाईपर्यंत जवळ समई नको.

आमच्या वाड्याच्या जुन्या ऑइलपेंटच्या दारांना अँटिक गोल्ड फिनिश द्यायचाय, मशीनने घासून घेऊ का? – एक वाचक, वाई

मशीन नको. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या लाल ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, चिखल फडक्यात गोळा करा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसात घरात ठेवू नका. पूर्ण लाकडापर्यंत जायची गरजच नाही, जो रंग घट्ट आहे तो राहू द्या, फक्त चमक मोडायची. नक्षीच्या खाचांतला तेलकटपणा मात्र डिटर्जंट आणि जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर नेमका तिथेच रंग फाटतो.

मेटॅलिक भिंतीवर सोफा घासला गेला, टचअप होईल का? – एक वाचक, ठाणे

ठिपका दिसतोच. अख्खी भिंत परत मारावी लागते. सोफा चार बोटं पुढे ओढा.