काच फुंकायची नळी नव्हती तेव्हा बाटल्या कशा बनवायचे? आणि मीनाकामाशी त्याचा काय संबंध?

फुंकून नाही, गुंडाळून! नळीने काच फुंकायची युक्ती निघाली इ.स.पू. पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाईनकडे. पण इजिप्तमध्ये त्याच्या जवळपास 1400 वर्षं आधीपासून काचेच्या छोट्या कुप्या बनत होत्या. धातूच्या सळईच्या टोकाला माती, शेण असलं काहीतरी कालवून कुपीच्या आकाराचा गोळा थापायचा, त्यावर वितळलेली काच चढवायची, वरून वेगळ्या रंगाच्या काचेचे धागे गुंडाळायचे आणि गरम असतानाच टोकदार हत्याराने वर-खाली ओढायचे, की ती टिपिकल लाटांची नक्षी तयार. सावकाश गार करायचं (घाई केली की तडकलीच), मग सळई काढून आतली माती खरवडायची. ती पूर्ण निघतच नाही, म्युझियममधल्या बऱ्याच कुप्यांच्या आत तो खरखरीत थर अजून दिसतो. एवढा खटाटोप म्हटल्यावर अर्थात बड्या लोकांच्या अत्तर-तेलापुरतंच.

कच्च्या काचेचा व्यापारही जोरात होता बरं का, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इ.स.पू. 1300 च्या आसपास बुडालेल्या जहाजात 150 हून जास्त काचेच्या लाद्या सापडल्या, बऱ्याचशा कोबाल्टने गडद निळ्या केलेल्या.

मीनाकाम म्हणजे अशीच रंगीत काच, फक्त पूड करून धातूवर भाजलेली.