पन्नाशी जवळ आली, तब्येतीचं टेन्शन काही जात नाही

"मॅडम, सगळं करते हो, चालते, साखर सोडली, रात्रीचं जेवण सातला, तरी मनातली भीती जात नाही." नाहीतर याच्या बरोबर उलट, "चार दिवस जोरात करतो, एक दिवस चुकला की सगळंच सुटतं." चाळीस ते पंचावन्नच्या मधली जी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात त्यातल्या कितीतरी जणांचं रडगाणं या दोनपैकी एक असतं. येताना कारण वेगळंच सांगतात, झोप नाही, चिडचिड होते, घरात बोलणं कमी झालंय, पण तासाभरात गाडी तब्येतीवर येतेच. म्हणून आज एका गृहस्थांबद्दल लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

विनायकराव म्हणूया. वय एक्कावन्न, राहायला नाशिक, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, मधुमेह नव्हे. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, गोळी नको, वजन थोडं उतरवा, चाला, सहा महिन्यांनी परत बघू. पण यांच्या कानात शिरलं ते एवढंच की आता आपलं संपलं. हातात स्मार्टवॉच आलं, ओट्यावर वजनकाटा आला, सकाळ-संध्याकाळ बोटाला सुई, झोपायच्या आधी बीपी. रविवारी मित्रांबरोबरची मिसळ बंद, भाचीच्या लग्नाला स्वतःचा डबा घेऊन गेले. घरी बायको दोन-दोन स्वयंपाक करत होती. वजन पाच किलो उतरलं आणि झोप पार उडाली. मुलगी आईला म्हणाली, बाबा घरी असले की मला जेवावंसंच वाटत नाही, तेव्हा त्यांची मिसेस त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पहिले काही तास आकड्यांतच गेले. मी विचारायचे कसे आहात, ते सांगायचे उपाशीपोटीची साखर 104. असं बोलणाऱ्या माणसाला मी मध्येच तोडत नाही, कारण आकडा हीच त्याची त्या वेळची भाषा असते आणि ती हिसकावून घेतली तर तो गप्प होतो.

मग एकदा ते फार नाराज होऊन आले. पहाटे पांडवलेणी चढायला गेले होते, अर्ध्या पायऱ्यांवर घड्याळाची बॅटरी गेली.

"आजचं चढणं वाया गेलं मॅडम."

"वर पोचलात ना?"

"पोचलो."

"दम लागला? घाम आला?"

"आला की, शर्ट भिजला होता पूर्ण."

"मग वाया कुणाचं गेलं, पायांचं की घड्याळाचं?"

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. बराच वेळ हातातल्या पट्ट्याशी खेळत बसले आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले. ड्युटीवर. माझी दोनच वर्षं राहिलीत."

इतक्या दिवसांत वडिलांचा विषय एकदाही निघाला नव्हता. मिसेसना वडील लवकर गेल्याचं माहीत होतं पण हा दोन वर्षांचा हिशोब माहीत नव्हता. मी विचारलं, रोज एवढं मोजून नक्की काय मिळवायचंय तुम्हाला? पटकन म्हणाले, "गॅरंटी." शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ती तुमच्या डॉक्टरांकडे आहे? नाही म्हणाले. घड्याळाकडे? मान हलवली. आणि मग रडले, वडील गेले तेव्हा मोठा मुलगा म्हणून रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडले. माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत, आणि तो साधा प्रश्न मला नेमक्या वेळी सुचला याचं मला आजही समाधान आहे.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीची. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं सूत्र म्हणजे इच्छा आणि हट्ट यातला फरक. मला निरोगी राहायचंय ही इच्छा, ती माणसाला सकाळी उठवते. मला काही होताच कामा नये हा हट्ट, तो माणसाला रात्री झोपू देत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसतात, दोघंही चालतात, दोघंही गोड टाळतात, पण इच्छेवर चालणारा माणूस एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी परत चालतो, आणि हट्टावर चालणारा एकतर स्वतःला शिक्षा करतो नाहीतर सगळंच सोडून देतो. वर लिहिलेल्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं. एलिसना स्वतःला चाळिशीत मधुमेह निघाला होता आणि तो सांभाळत, काम करत ते 93 वर्षं जगले, हे मी विनायकरावांना मुद्दाम सांगितलं.

त्या रोजच्या दहा हजार पावलांचंच बघा. हा आकडा कुणा डॉक्टरने तपासून काढलेला नव्हता, 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होतं, तिथून तो जगभर पसरला. चालणं उत्तमच आहे, पण साडेनऊ हजारांवर झोपायची वेळ झाली म्हणून बेडरूममध्ये येरझारा घालणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्यासाठी सांगतेय. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला आहे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, थोडा दम लागेल अशी हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आठवड्याला, हे नीट वाचा. म्हणजे मंगळवार बुडाला तर गुरुवार आहे. आणि ते ताकदीचं बहुतेक जण गाळतात, चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, नुसतं चालून ते टिकत नाहीत.

मी विनायकरावांना विचारलं, घड्याळ नव्हतं तेव्हा शरीर वापरून मजा कशात यायची? म्हणाले, ढोल. आमच्या नाशिकचा ढोल, गणपतीत कमरेला बांधून तासन्‌तास वाजवायचे, लग्नानंतर सुटला. डॉक्टरांना विचारून ते ओळखीच्या एका पथकाच्या सरावाला जायला लागले, पोरं त्यांना काका म्हणतात, खांदे दुखतात आणि झोप लागते. रविवारची मिसळ परत सुरू झाली, तर्री कमी, दोन पावांच्या जागी एक. घरात सगळ्यांना एकच स्वयंपाक, ज्वारीची भाकरी, उसळ, भात थोडा. पुरणपोळी सणाला, मोजून नाही तर चवीने. ग्लुकोमीटर डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी.

त्यांच्या मिसेसचं इथे सांगायलाच हवं. त्या सत्तेचाळीसच्या, पाळी जायची वेळ, अंगातून वाफा, गुडघे धरलेले, आणि या सगळ्या धावपळीत त्यांची एकही तपासणी झालेली नव्हती. घरातल्या पुरुषाचा रिपोर्ट आला की अख्खं घर हलतं आणि बाईचं दुखणं "या वयात होतंच" म्हणून ढकललं जातं, याचा मला खरंच त्रास होतो. त्यांनाही मी डॉक्टरकडे पाठवलं. आता संध्याकाळी दोघं सोमेश्वरच्या बाजूला फिरायला जातात, फोन घरी ठेवून.

भीती पूर्ण गेली का? नाही. आणि वडिलांकडून आलेला धोका कल्पनेतला नव्हता. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आई-बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात, तेव्हा तुमच्या घरात असं असेल तर लपवू नका, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल किती दिवसांनी तपासायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. विनायकरावांनी घेतलंय. पुढचा एचबीएवनसी 5.8 आला, फोनवर आधी मिरवणुकीचं सांगितलं आणि मग हे. वडिलांचं श्राद्ध जवळ आलं की बीपीचं मशीन अजूनही चार-आठ दिवस रोज बाहेर निघतं, त्याला मी हरकत घेतलेली नाही. फक्त त्या दिवसांत वडिलांबद्दल घरात मोठ्याने बोलायचं, एवढं ठरलंय.